अकरा वर्षं वजा

खैरानी रोडला, गाळा नंबर सतरात
एक पडदा परत आला
दुधाच्या पिशवीत, वरून रबरबँड लावून.
रबराला रबरानंच बांधलेलं.
हसावं असं शेजारी कुणी नव्हतं.

पडदा म्हणजे नाटकाचा नव्हे.
ताटलीएवढा, काळा, मधे गोल फिरलेली एक वळी,
कडेला बारा भोकं, पोटात नायलॉनचं कापड.
माहुलच्या कुठल्याशा पंपात
एका अंगानं आम्ल, दुसऱ्या अंगानं हवा,
मिनिटाला चाळीस वेळा हा इकडून तिकडे कलंडायचा
आणि एकाची खबर दुसऱ्याला लागू द्यायचा नाही.

चिठ्ठीत तक्रार नव्हती:
'अकरा वर्षं चालला. अस्सेच सहा पाठवा.'

अस्से म्हणजे कसे?
साचा भंगारात गेला, मागचा गाळा विकला तेव्हा.
कडेची कातर काडेपेटीच्या ज्योतीवर धरली,
विझल्या मेणबत्तीचा वास आला. ईपीडीएम.
म्हणजे माल कळला. मालाचं काय,
माल तर बाजारातही मिळतो.

ड्रॉइंग सापडलं, वाळवीनं एक कोपरा खाल्लेलं.
वळीची उंची: नऊ मिलिमीटर.
हातातल्या पडद्याची: साडेदहा.

मी शिकलेली बाई. मला माहीत होतं
रबर थकलं की फुगतं, बसतं, वाकलेलंच राहतं,
पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.
वरचा दीड मिलिमीटर म्हणजे वय,
असं धरून अकरा वर्षं वजा केली
आणि नऊवर साचा कापून घेतला.

एकशेसाठ डिग्री, आठ मिनिटं.
पहिला पडदा गरम भाकरीसारखा
या हातावरून त्या हातावर झेलला.
टेस्टिंगला लावला. तिसऱ्या दिवशी, ऐंशी हजार ठोक्यांवर
वळीच्या माथ्याला केसाएवढी चीर.
दुसराही तिथंच गेला.

मग विश्राम आचरेकरांना फोन.
जुने साचेवाले, आता नालासोपाऱ्यात,
एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं.
'कोण, खैरानीवाली? गो, तो दीड मी वाढयलेलो.
कागदावर नाय. शेटाक पण सांगूक नाय.
रबर दिसता लवचिक, पण ताणलास
तर हिशोब ठेवता. ताणूचा नाय तेका.
लोळाक जागा देवची. पतंगाक ढील देतत, तशी.'

मी गप्प.
ज्याला मी म्हातारपण म्हणून खोडून टाकलं
ते पहिल्या दिवसापासूनच तिथं होतं,
अंगठ्यानं मोजून ठेवलेलं.

'आणि फाटलो खंय? वळीर?'
म्हटलं नाही, वळी अजून शाबूत आहे.
सातव्या भोकाशी फाटलाय. कुणीतरी बोल्ट
लांब पान्यानं करकचून आवळलाय.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली,
नातवंड कुणीतरी रडत होतं.
'मगे तो मेलो नाय,' आचरेकर म्हणाले,
'तेका मारल्यानी.'

नवा साचा साडेदहाचा.
ड्रॉइंगवर नऊ खोडून आकडा घातला,
शेरा या रकान्यात काय लिहावं सुचेना,
त्यांचं आडनाव लिहिलं.

सहाच्या सहा पडद्यांना टाल्कम लावली,
खोक्यात वर चिठ्ठी ठेवली:
बोल्ट हातानं बसवा, समोरासमोरचे.
मग पान्यानं पाव फेरा.
बास.

टेम्पो यायला वेळ होता.
सातवा, जास्तीचा एक, टेबलावर पडून होता.
मी अंगठ्यानं वळी दाबली.
टप, ती पलटली.
पुन्हा दाबली.
टेम्पोवाला हॉर्न देत होता, मला ऐकू आला नाही.